सुनीतीचे मासे आणि ताजं पाणी

माझ्या गोट्या विज्ञानाच्या कामी आल्या हे आमच्या गावच्या मास्तरांना कळलं असतं, तर निदान त्या दिवसापुरता त्यांनी माझा कान सोडला असता. शाळेत माझा उजवा कान कायम त्यांच्या हातात आणि डावा खिसा कायम गोट्यांनी भरलेला. सातवी फायनल झालो तो गोट्यांसकट. पुढे कलकत्त्याला येऊन खिदिरपूरच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून चिकटलो, तेव्हाही ट्रंकेच्या तळाशी गोट्यांची पिशवी होतीच. जहाजातून उतरणारी पोती मोजायची, हे माझं काम. आमची बायको पुष्पा म्हणायची, "दिवसभर मोजून येता, आणि रविवारी परत गोट्या कसल्या मोजत बसता?" तिला काय सांगणार? पोती सरकारची, गोट्या माझ्या.

पण मला सांगायचं आहे ते सुनीतीबद्दल.

आम्ही राहायचो हाजरा रोडच्या मागच्या गल्लीत. तळमजल्यावर बंगाली घरमालक, मधल्या मजल्यावर आम्ही दोघं, आणि वर विनायक, त्याची आई सरलाबाई आणि बायको सुनीती. विनायक केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातला. बदलीवर कलकत्त्याला आला तो सहा महिन्यांत परत जायचं म्हणून बिछानासुद्धा पुरता सोडत नव्हता. मग गणेशोत्सवात त्याला सुनीती दिसली आणि बिछाना सुटला तो सुटलाच. सुनीती जन्मापासून इथली. वडील इथंच शाळामास्तर. ती स्वतः मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मराठी बोलायची ती बंगालीत भिजवून. बंगालीत पाणी 'खातात', म्हणून मी जिना चढून गेलो की ती विचारायची, "सदूकाका, पाणी खाणार?"

सरलाबाई कपाळाला हात लावायच्या. "अगं, पाणी पितात!"

"हो आई. काका, पिऊन खाणार?"

अशी मुलगी. आणि या मुलीला लहानपणापासून फिट यायच्या.

फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवायची, हे ज्ञान आमच्या गावापासून कलकत्त्यापर्यंत अगदी सारखं पसरलेलं आहे. ट्रामच्या थांब्यावर, पूजेच्या मांडवात, एकदा तर नाटकाच्या मध्यंतरात, लोकांनी मोठ्या प्रेमानं तिच्या नाकाशी पायातलं काढून धरलं होतं. ती सांगायची, "काका, शुद्धीवर आले की मी आधी बूट बघते. चांगल्या चामड्याचा असला तर समजायचं, बऱ्या वस्तीत पडलेय." मग एका डॉक्टरांनी तिला रोजची गोळी सुरू केली आणि चपला बंद झाल्या. लग्न ठरताना तिनं विनायकला समोर बसवून सांगून टाकलं होतं, "मला फिट येतात. गोळी घेते. विचार करून कळवा."

विनायक म्हणाला होता, "मी घोरतो. तुम्हीही विचार करून कळवा."

तर असा हा संसार हसतखेळत चालला होता. सुनीतीला आता मूल हवं होतं. सरलाबाईंना तर ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच हवं होतं. त्या साली, म्हणजे सत्तर साल संपत आलं होतं, सुनीती लायब्ररीत बसून परदेशी मासिकं चाळत होती. त्यात एका डॉक्टरनं लिहिलं होतं की फिटच्या गोळ्या घेणाऱ्या काही बायकांची बाळं फाटक्या ओठाची जन्मली. मासिक मिटून ती थेट आपल्या डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर बंगाली, वयस्कर, आणि मोठा प्रामाणिक माणूस.

"ओठ शिवता येतो," ती म्हणाली. "मेंदूचं काय? पोटात बाळाचा मेंदू तयार होत असताना ही गोळी त्याचं काय करते?"

"शोनो माँ," म्हणजे ऐक पोरी, डॉक्टर म्हणाले, "फिट न आलेली बरी, एवढं मला ठाऊक आहे. तू म्हणतेस ते अजून कुणी नीट बघितलेलं नाही."

"मग मी बघते," सुनीती म्हणाली.

आता बाईच्या पोटात कसं बघणार? पण माशाच्या अंड्यात बघता येतं. बंगालच्या तळ्यांत अंजू नावाचा एक मासा असतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या-रुपेरी रेघा. त्याचं अंडं काचेसारखं आरपार. पहाटे उजाडताना मादी अंडी सोडते, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत पिल्लाचा मेंदू एकेक फुगवटा धरत वर येताना दिसतो. तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू बाहेर. फक्त एक खोड. अंजूचे आईबाप आपलीच अंडी मटकावतात. त्यावर उपाय असा की भांड्याच्या तळाशी गोट्या पसरायच्या. अंडी गोट्यांच्या फटींतून खाली घरंगळतात आणि आईबापांचं तोंड तिथं पोचत नाही.

"काका, गोट्या कुठं मिळतील हो?" तिनं जिन्यात विचारलं.

असा प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी चाळीस वर्षं थांबलो होतो! पिशवी आणून तिच्या हातात दिली. पुष्पा म्हणाली, "चला, एकदाच्या गेल्या."

पहिला प्रयोग कॉलेजात झाला. एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात गोळी खलून घातलेलं. किती घालायची ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे हिनं घातली ती सढळ हातानं. साध्या पाण्यातली पिल्लं झकास झाली. कुंचल्याच्या केसानं शेपटीला नुसतं टेकलं की सुळकन पळायची. औषधातली उशिरा फुटली. डोळे बारीक, मेंदूचे फुगवटे चेपलेले, पाठ वाकडी. केस लावला तर तिथंच पडून राहायची, नाहीतर जागच्या जागी गिरक्या घ्यायची.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन पुष्पाशेजारी शेंगा निवडत बसली. दाणे टरफलांत टाकत होती. आम्हाला वाटलं, दमली असेल. तिनं गोळी बंद केली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मग आलं एकाहत्तर साल. कलकत्त्यात तेव्हा नक्षलवाद्यांचा काय धुमाकूळ चालला होता ते मी सांगायला नको. कॉलेजं आज उघडी, उद्या बंद. सुनीतीचं कॉलेज बंद पडलं आणि प्रयोगशाळेतले मासे उपाशी मेले. प्राचार्यबाईंनी तिला एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी दिली. खाली आरसा बसवलेला, उन्हावर चालणारा. मासे मात्र नवे हवे होते. रविवारी ती मला म्हणाली, "काका, डमडमच्या पुढं एक तळं आहे. येता?"

गेलो. तळं छान होतं, काठाला कमळं, पलीकडे बदकं. मी बदकांवरून आमच्या गावच्या पाटलाच्या बदकाची गोष्ट सुरू केली. ती मोठी आहे, परत कधीतरी. सुनीती पायऱ्यांवर ओणवी होऊन जाळी फिरवत होती. गोष्टीत पाटील चिडतो तिथं ती नेहमी हसायची. या वेळी हसली नाही. मान वळवून बघतो तर तिचा हात ताठ झालेला आणि ती पाण्याकडे कलती झालेली.

मी पदर धरला, मग दंड धरला आणि ओढून तिला पायरीवर घेतलं. डोकं पाण्यापासून वीतभरावर होतं. ती आकडत होती आणि मी तिला कुशीवर वळवून धरून बसलो होतो, कारण तिनंच ते मला शिकवलं होतं. तेवढ्यात चौघं धावत आले आणि त्यांतल्या एकानं सवयीनं पायातली चप्पल काढली. मी ओरडलो, "खबरदार!" मराठीत ओरडलो, पण कलकत्त्यात ओरडण्याला भाषा लागत नाही.

थोड्या वेळानं डोळे उघडून ती म्हणाली, "मासे?"

"आहेत डब्यात. तू गोळी घेतली नव्हतीस ना?"

तिनं माशांचा डबा जवळ ओढला.

"सुनीते, मी तुला एकटीला पाठवलं असतं तर?"

"म्हणून तर तुम्हाला आणलं," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

घरी मोठा गहजब झाला. डॉक्टर रागावले, गोळी पुन्हा सुरू झाली. विनायक एरवी मऊ माणूस, पण त्या दिवशी ताठ उभा राहून म्हणाला, "मला मूल नको. विषय संपला. मला तू हवी आहेस, ती कोरडी हवी आहेस."

"अहो, मला गोळीही हवी आणि मूलही हवं," सुनीती म्हणाली. "दोन्ही एकत्र नांदतात का, एवढंच मला बघू द्या. नाही नांदत असं दिसलं तर मी स्वतः विषय संपवीन."

विनायकनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाही ठरवता आलं नसावं.

आता भांडी घरी, गॅलरीत आली. सरलाबाई पक्क्या शाकाहारी. खालच्या मजल्यावर हिलसा तळायला लागले की या वरच्या खिडक्या लावून घ्यायच्या. "माझ्या घरात मासे! तेही औषध पिणारे!" असं म्हणत त्यांनी दोन दिवस गॅलरीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनीतीनं त्यांना धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"आई, एक डोळा मिटा. काय दिसतंय?"

"धुकं."

"आता?"

सरलाबाईंचा आवाजच बदलला. "अगं बाई! काळीज उडतंय याचं! एवढुसं काळीज... सदाशिवराव, अहो या ना! पुष्पा, तू पण ये!"

त्या दिवसापासून त्या माशांना मासे म्हणेनात. 'बाळं' म्हणायला लागल्या. पिल्लं फुटली की सुनीती कुंचल्याचा केस लावून बघायची आणि पिल्लू सुळकन गेलं की आम्ही सगळे एका सुरात "पळाला!" म्हणून ओरडायचो. घरमालकांना वाटायचं, वर रोज चोर सुटतो.

आणि काय सांगू, या खेपेला औषधातली पिल्लंही पळाली! पाठ सरळ, डोळे गोल. सुनीतीनं पुन्हा अंडी घेतली, पुन्हा तेच. सरलाबाईंनी शिरा केला. विनायक दारात उभा राहून म्हणाला, "म्हणजे... नांदतात?" त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मीच तिकडं बघायचं टाळलं.

एकटी सुनीती खूश नव्हती. "गोळी तीच, माप तेच, मासाही तोच. कॉलेजात वाकडी झाली आणि इथं सरळ होतात?"

"घरचं वातावरण," मी म्हणालो.

"काका, माशाला कसलं वातावरण!"

पुढच्या खेपेला ती पहाटेच उठून गॅलरीच्या दाराशी बसली. मादी अंडी कधी टाकते ते बघायला मीही वर गेलो होतो. उजाडलं. सरलाबाई अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. रोजच्यासारखी घरातली पाण्याची भांडी एकेक करून ओतली, कारण रात्रीचं पाणी शिळं. घासली, पुसली, भरून ठेवली. आपल्या घरांत ही चालच आहे, माझी आई तेच करायची. मग त्या पाणी गाळायचं पातळ फडकं घेऊन सरळ आदल्या दिवशीच्या अंड्यांच्या भांड्यांकडे वळल्या, एक साध्या पाण्याचं, एक औषधाचं. एका भांड्यावर फडकं धरलं, भांडं कलतं केलं, पाणी मोरीत. फडक्यावरची अंडी अलगद परत आत. वरून माठातलं ताजं पाणी. मग दुसरं भांडं. तेही तसंच.

सुनीती ताडकन उठली. "आई! हे काय करताय?"

"काय म्हणजे? तू झोपलेली असतेस, तुला कशाला उठवायचं, म्हणून मीच करते. बाळांना काय शिळ्या पाण्यात ठेवायचं?"

"दोन्ही भांड्यांचं?"

"मग? मी काय एकाचं करून दुसऱ्याला उपाशी ठेवणार? माझ्याकडे दुजाभाव नाही हो."

"अहो आई, त्यात औषध होतं!"

"होतं ना. म्हणूनच तर. औषध एकदा घेतलं की झालं, त्यात दिवसभर बुडून कोण बसतं?"

मी तोंड फिरवून कबुतरं मोजायला लागलो. मला वाटलं, आता ही रडते. तिचे ते सगळे शिऱ्याचे, सगळ्या "पळाला"चे दिवस मोरीत वाहून गेले होते. विनायकही जागा होऊन दारात आला होता आणि त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या तोंडावरची ती आशा विझताना मी पाहिली.

सुनीती खाली बसली. भांड्यात बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आई, सगळं पाणी ओतत होता का तुम्ही?"

"सगळं कसं ओतीन? तळाशी थोडं ठेवायची. विरजणाला ठेवतो तसं. बाळं कोरडी पडली असती."

"विरजणाएवढं." सुनीतीनं ते दोनदा म्हटलं. मग मला म्हणाली, "काका, म्हणजे औषध अगदीच नव्हतं असं नाही. कमी होतं. मी कडक घालून बघितलं आणि घाबरून माझी गोळी एकदम बंदच केली. मधलं काही बघितलंच नाही!" आणि ती उठली, सासूचे ओले हात धरले आणि हसायला लागली. सरलाबाईंना कळेना, आपण चुकलो की जिंकलो. त्यांनी सावधपणे विचारलं, "मग पाणी बदलू की नको?"

"नको! माझ्या परवानगीशिवाय या भांड्यांना बोटसुद्धा लावायचं नाही."

"बघा सदाशिवराव, सुना कशा बोलतात!" असं त्या म्हणाल्या, पण त्या दिवसापासून गॅलरीच्या दारात पाट टाकून त्याच पहाऱ्याला बसल्या. घरमालकांचं मांजरसुद्धा फिरकलं नाही.

मग सुनीतीनं गॅलरीभर बरण्या मांडल्या. माझ्या गोट्या पुरेनात, गल्लीतल्या पोरांशी खेळून मला आणखी जिंकाव्या लागल्या. पन्नाशीच्या माणसानं रस्त्यावर उकिडवं बसून गोट्या खेळाव्यात आणि पुष्पानं वरून बघू नये, असं होतं थोडंच? पण विज्ञानापुढं इलाज नसतो. एका बरणीत कडक औषध, मग त्याहून सौम्य, आणखी सौम्य, आणि शेवटी साधं पाणी. कडकात पिल्लं पूर्वीसारखीच वाकडी. मधल्यात सुस्त, केस लावला की विचार करून हलणारी. अगदी सौम्यात बहुतेक सगळी पळाली. बहुतेक. एक-दोन नाही पळाली. सुनीती ती परत परत बघत बसली.

विनायक म्हणाला, "म्हणजे धोका आहेच."

"आहे," ती म्हणाली. "आता इकडं बघा." तिनं साध्या पाण्याची बरणी पुढं केली. त्यातही एक वाकडं पिल्लू होतं. कोपऱ्यात गिरक्या घेत होतं. "याला कुणी काय पाजलं होतं? मला वाटत होतं, कुठल्या तरी बरणीत सगळेच्या सगळे पळतील, आणि मग मी मूल होऊ देईन. तशी बरणीच नाही."

विनायकनं बरणी उन्हात धरून ते पिल्लू बघितलं. मग म्हणाला, "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी अशा वेळी विचारत नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, शिळ्या पाण्याच्या जागी तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर झाले. "मासा म्हणजे माणूस नव्हे, माँ. बरणीतलं माप पोटाला लावता येत नाही. पण तुझी फिट थांबवायला कमीत कमी किती गोळी पुरते, हे आपण शोधू शकतो. हळूहळू, माझ्या नजरेखाली. आणि तळ्याकाठी जायचं नाही."

तसं झालं. गोळी थोडी कमी, मग थांबून बघायचं. एकदा जास्तच कमी झाली आणि तिला स्वयंपाकघरात फिट आली, तेव्हा पुन्हा एक पायरी वर. त्या काळात सरलाबाई तिला गॅसजवळ उभं राहू देत नसत आणि विनायक पोळ्या लाटायला शिकला. त्यांचे आकार मी सांगत नाही, अजून तो आमच्याशी बोलतो. अखेर एक माप ठरलं, आणि त्या मापावर राहून सुनीतीनं ठरवलं. तिनं स्वतः, आमच्यापैकी कुणीही नाही.

बहात्तरच्या हिवाळ्यात ती दवाखान्यात होती. बाहेरच्या बाकावर विनायक, मी, पुष्पा आणि सरलाबाई. मी विनायकचं मन रमवावं म्हणून पाटलाच्या बदकाची गोष्ट सुरू केली. तो म्हणाला, "काका, आज नको." मुलगी झाली असं नर्स सांगून गेली. पुढं काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचाच अर्थ लावत आम्ही आत जाईपर्यंत बसलो होतो.

आत सुनीती उशीला टेकून बसलेली. बाळ मांडीवर. ओठ सरळ, डोळे मिटलेले, काळंभोर जावळ. कुणी काही विचारायच्या आत तिनं आपल्या वेणीतून एक केस उपटला. दुपट्याची कड वर केली. बाळाचा तळपाय बाहेर आला, लाल, सुरकुतलेला, माझ्या अंगठ्याएवढा. मला कॉलेजातल्या त्या पिल्लांची गोष्ट आठवली, केस लावल्यावर तिथंच पडून राहणाऱ्या. तिनं केसाचं टोक तळपायाला टेकवलं.

एक क्षण काहीच नाही. मग पाय असा झटकन आत ओढला गेला की दुपटंच उडालं, आणि वर सणसणीत भोकाड.

पुढं ही मुलगी, आमची हेमा, जरा उशिरा बोलायला लागली. ते गोळीमुळं, की घरात तीन भाषांचा बाजार म्हणून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि सुनीती त्याची आठवण अजून मनात ठेवून आहे. बोलायला लागल्यावर मात्र हेमा थांबली नाही. पाटलाच्या बदकाची गोष्ट पुरती ऐकून घेणारी आमच्या इमारतीत ती एकटीच, आणि माझ्या गोट्याही आता तिच्याकडेच आहेत.

पण त्या दिवशी दवाखान्यात, तो पाय आत गेला तेव्हा, विनायक भिंतीला टेकून रडत होता, पुष्पा माझा हात दाबत होती, नर्स धावत आली होती, आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सरलाबाई, आयुष्यभर घराबाहेर आवाज न चढवलेल्या सरलाबाई, सगळा दवाखाना गोळा होईल अशा ओरडल्या, "पळाली गं, पळाली!"